घसारा आणि घडणावळ

सोलापूर मागे टाकून पुण्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात चिंचोळी एमआयडीसीचे फाटे दिसू लागतात. तालुका मोहोळचा, माणसे बहुतेक सोलापूरची. गावाच्या नावाचे नाते चिंचेशी असावे, परंतु आमच्या भाषाशिक्षकी कानाला त्यात आधी 'अरुंद' हाच अर्थ ऐकू येतो. आणि प्रत्यक्षात तिथले रस्ते चाळीस फुटी कंटेनर एका दमात वळेल असे ऐसपैस. नाव आणि वस्तू यांच्यातील अशा विसंवादावर आम्ही आयुष्यभर वर्ग घेतले आहेत. असो.

तिथल्या एका टपरीवर, पहिली पाळी सुटण्याच्या वेळी, आमची आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याशी भेट ठरलेली होती. त्याने आमच्याकडे एम. ए. केले, मराठी घेऊन. पुढे 'सेट'च्या दोन वाऱ्या झाल्या, वडील आजारी पडले, आणि तो कॅमशाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून मदतनीस म्हणून लागला. आज तो ग्राइंडिंगच्या यंत्रावरचा जाणता माणूस आहे. मराठीच्या एका प्राध्यापकाचे काम उणे झाले आणि एक ग्राइंडर वाढला, याचे दुःख त्याला कमी आणि आम्हाला जास्त, असे आमच्या ध्यानात आले आहे.

चहा येईपर्यंत त्याने मोबाइलवर एक जाहिरात आमच्यासमोर धरली. लाल रंगाची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बसलेली हायब्रिड फेरारी. दोन वर्षांची, चार हजार किलोमीटरही न चाललेली. किमतीच्या जागी 'प्राइस ऑन रिक्वेस्ट'. अशा जाहिराती तो रोज पाहतो हे ऐकून आम्ही चकित झालो. आम्ही कधी फेरारीत बसलेलो नाही, तोही नाही. दोघांपैकी कोणी पुढे बसेल असा संभव नाही. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "श्रीमंत माणूस घेताना खोटं बोलतो सर. विकताना बोलत नाही. म्हणून मी विकायचं तेवढंच वाचतो."

मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले. "ही गाडी नवी साडेसात कोटीला यायची. आता हिचा भाव एवढा का पडायलाय? चार हजार बी पळली नाही. घासली कुठं? मग घसारा कशाचा लागला हिला?"

आम्ही चहाचा घोट घेतला. एरवी वर्गात उत्तर येत नसले की आम्ही तेच करतो.

'घसारा' हा मराठीतला एक भला शब्द आहे. जमाखर्चाच्या पुस्तकांतले बाकीचे शब्द संस्कृताच्या कोठारातून काढून इस्त्री करून ठेवलेले: अवशिष्ट मूल्य, ऱ्हासमान शेष पद्धती, संचिती. घसारा मात्र घासण्यातून आला. खोडावर बैलाची मान घासली जावी, जात्याची पाळी झिजावी, दोर रहाटावर घासून विरावा, हे ज्याने पाहिले त्याच कोणाच्या तोंडून तो निघाला असेल. त्यात एक न बोललेला सिद्धांत आहे: वस्तू वापरल्याने झिजते, आणि झिजल्याने तिचे मोल कमी होते. वापर, झीज, घट, या क्रमाने. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न या क्रमावरच होता. वापर नाही, झीज नाही, मग घट कोठून आली?

घसाऱ्याशी आमची ओळख लहानपणीची. आमचे तीर्थरूप सोलापुरातील एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यात कारकून होते. १८७७ साली जुनी मिल उभी राहिल्यापासून हे शहर भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर जेवणारे झाले होते. घरोघर कोणी ना कोणी गिरणीत. तीर्थरूप वर्षअखेरीस कच्चा तक्ता घरी आणत, आणि आम्ही त्यांच्या शेजारी बसून मागांच्या किमती उतरताना पाहत असू. ऱ्हासमान शेष पद्धतीची एक गंमत त्यांनीच आम्हाला दाखवली होती. दर वर्षी राहिलेल्या किमतीतूनच ठरावीक टक्के वजा करायचे असल्यामुळे किंमत उतरत जाते, पण शून्याला कधी पोचत नाही. "कागदावर माग मरत नाही," असे ते म्हणत. पुढे ती गिरणी बंद पडली आणि माग टनावर गेले. बीड वेगळे, पोलाद वेगळे, पितळेच्या बुशा वेगळ्या. वजनकाट्यावर पुस्तकी किंमत कोणी विचारली नाही.

तेव्हा आम्ही खिशातले पेन काढून टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. व्यवसायासाठी घेतलेल्या मोटारीवर आयकराच्या नियमांप्रमाणे वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. साडेसात कोटींची गाडी या पद्धतीने आठव्या वर्षाअखेर सुमारे २ कोटी ४ लाखांवर येते. विमेवाल्यांचे कोष्टक याहून जरा सौम्य: पाच वर्षे पुरी होता होता गाडीचे मोल निम्मे. दोन्ही कोष्टके फेरारीला आणि आमच्या जुन्या मारुतीला एकाच मापाने मोजतात, ही त्यांतली एकमेव लोकशाही गोष्ट.

बाजार मात्र यांपैकी कोणाचेच ऐकत नाही. २०१३ च्या सुमारास तीन हायब्रिड महागाड्या जवळजवळ एकदम जगासमोर आल्या: फेरारीची लाफेरारी, मॅक्लारेनची पी वन आणि पोर्शेची ९१८ स्पायडर. पहिलीच्या ४९९ गाड्या ठरल्या होत्या, दुसरीच्या ३७५, तिसरीच्या नावाइतक्याच, म्हणजे ९१८. तिघींच्याही पोटात पेट्रोलचे इंजिन आणि जोडीला विजेची मोटर. आज या गाड्या जुन्या झाल्या आहेत, आणि मूळ किमतीच्या वर विकल्या जातात. लाफेरारी तर दुपटीच्याही पुढे. मध्य इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी फेरारीने ४९९ चा शब्द मोडून आणखी एक लाफेरारी बनवली, ती २०१६ च्या डिसेंबरात लिलावात ७० लाख डॉलरला गेली. इथे काळाबरोबर भाव वर चढला. घसाऱ्याचे चिन्हच बदलले.

नंतरच्या पिढीचे नशीब वेगळे. २०१९ ची फेरारी एसएफ ९०: चार लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन, तीन विजेच्या मोटरी, सर्व मिळून हजार अश्वशक्ती, आणि केवळ विजेवर सुमारे पंचवीस किलोमीटर चालण्याची सोय. अंगबळात ती लाफेरारीहून सरस. तरीही युरोप-अमेरिकेच्या जुन्या बाजारात तिचा भाव मूळ किमतीच्या बराच खाली घसरला. मॅक्लारेनच्या आर्टुराची कथा तीच. त्याआधीची बीएमडब्ल्यू आय एट आपल्याकडे २०१५ च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकरच्या हस्ते आली, २ कोटी २९ लाखांना. तीही जुन्या बाजारात फार काळ ताठ उभी राहिली नाही. विशेष म्हणजे आय एटचे इंजिन दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे. २०२२ पासून आपल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या ग्रँड विटाराच्या हायब्रिड आवृत्तीचेही माप तेच. दिव्य देहाच्या पोटातही कधी कधी चारचौघांसारखेच जठर असते.

भाव पडण्याची कारणे तज्ज्ञ अनेक देतात. पहिल्या तिघींची संख्या ठरलेली होती, पुढच्यांची नव्हती. खरेदीदाराने हौसेने चढवलेल्या कार्बन फायबरच्या पट्ट्या आणि खास रंग यांचे पैसे परत येत नाहीत. नवे मॉडेल आले की जुन्याची प्रणाली शिळी वाटते. पण प्रत्येक बोलण्याच्या तळाशी एक भीती असते, आणि ती बॅटरीची आहे. लिथियमची बॅटरी वापरली तर झिजतेच, पण नुसती ठेवली तरी झिजते. आतल्या रसायनांची आपापसात संथ देवाणघेवाण चालू असते. ऋणाग्रावर एक पातळ थर साचत जातो आणि कामाचे लिथियम त्यात अडकून पडते. उष्णता अधिक तर ही क्रिया जलद. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी आणखी लवकर थकते. म्हणजे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या सोलापुरात, दार बंद, काच बंद, कोणी हात न लावलेली ती गाडी गॅरेजात उभ्या उभ्या म्हातारी होत असणार. फेरारीने २०२४ मध्ये आपल्या हायब्रिड गाड्यांसाठी हमीची अशी योजना आणली की सोळा वर्षांच्या आत दोनदा, आठव्या आणि सोळाव्या वर्षी, बॅटरी बदलून मिळावी. बनवणाऱ्यालाच नवव्या वर्षाची काळजी वाहावी लागते, यातच घेणाऱ्याच्या मनातले सगळे आले.

विद्यार्थ्याला आम्ही हे सांगितले तेव्हा तो हसला नाही. "म्हणजे घासल्याबिगर झिजतंय," एवढेच म्हणाला. आमच्या भाषेपुढची अडचण त्याने चार शब्दांत मांडली. घसारा या शब्दात न घासता होणाऱ्या घटीला जागाच नाही. 'अवमूल्यन' म्हणावे तर ते चलनाचे, 'ऱ्हास' म्हणावे तर तो साम्राज्यांचा. जवळात जवळ येतो तो 'विटणे': कापड पेटीतल्या पेटीत विटते. पण कोणी सनदी लेखापाल ताळेबंदात 'विट' असे सदर घालील, अशी आशा आम्हाला नाही.

आता ज्या वस्तूवर या माणसाचे पोट आहे ती पाहावी. कॅमशाफ्ट म्हणजे हातभर लांबीचा दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. इंजिनाच्या मुख्य दंडाच्या दोन फेऱ्यांत हा एक फेरी घेतो, आणि प्रत्येक उंचवटा आपल्या वेळी झडप दाबून उघडतो: श्वास आत, श्वास बाहेर. उंचवट्याचे टोक झडपेच्या जोडावर सतत घासत राहते. म्हणजे ही वस्तू जन्मते तीच घासले जाण्यासाठी. बिडाचा दांडा सगळाच कडक केला तर तो ठिसूळ होईल आणि त्यावर हत्यारही चालणार नाही. सगळाच मऊ ठेवला तर उंचवटे महिन्यांत झिजतील. म्हणून ओतकामाच्या साच्यात नेमके उंचवट्यांच्या जागी लोखंडी तुकडे बसवतात. रस तिथे झटक्याने थंड होतो, कार्बनला ग्राफाइट होऊन सुटे पडायला सवड मिळत नाही, आणि तेवढाच भाग पांढरा, काचेसारखा कठीण निघतो. उरलेला दांडा करड्या बिडाचा, हत्याराला वश होणारा. मग त्या कठीण भागाला ग्राइंडरवर शेवटचा आकार द्यायचा. झिजू नये म्हणून घडवलेल्या वस्तूला घासूनच पूर्णत्वाला न्यायचे, हे आमच्या विद्यार्थ्याचे काम. एम. ए. च्या वर्गात आम्ही रूप आणि आशय यांच्या एकजीवतेवर पुष्कळ बोललो होतो. एकाच ओतीत कुठे कठीण व्हायचे आणि कुठे नाही हे ठरलेले असते, ही गोष्ट त्याने आम्हाला शिकवली.

सोलापुरात हा धंदा लहान नाही. १९९२ साली येथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगातल्या मोठ्या कॅमशाफ्ट उत्पादकांत गणली जाते. तिचे कारखाने अक्कलकोट रस्त्यावर आणि या चिंचोळीत आहेत. देशी-परदेशी मोठमोठ्या मोटार कंपन्या तिच्या गिऱ्हाईक. २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. चादरीच्या गावाने मोटारीच्या हृदयाजवळचा भाग जगाला पुरवावा याचा अभिमान आम्ही, इंजिनातले काही न कळता, वर्षानुवर्षे पाहुण्यांसमोर मिरवला आहे. (येथला एखादा कॅमशाफ्ट त्या लाल गाडीत असेल असा आमचा दावा नाही. अभिमानालाही हद्द असावी.) याच कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्समधील एमॉस या, ट्रक-बसांना विजेवर चालवणाऱ्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला होता. निव्वळ विजेच्या गाडीत झडपा नसतात, म्हणून कॅमशाफ्टही नसतो; कमी लागतो असे नव्हे, लागतच नाही. दांडा बनवणाऱ्याने दांडा नसलेल्या दिवसाची चाहूल घेतली, यात नवल नाही.

आणि म्हणून 'हायब्रिड' या शब्दावर चिंचोळीच्या टपऱ्यांवर बोलणे चालते. हायब्रिड गाडीत इंजिन असते. इंजिन आहे तोवर कॅमशाफ्ट आहे. तसे पाहिले तर आमच्या जिल्ह्यात या शब्दाची पत कधीच मोठी नव्हती. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली, उत्पन्न वाढले, लोक जगले. पण 'हायब्रीड' म्हणजे चवीला हलकी, भावाला कमी, ही समजूत ताटात कायम राहिली. पाहुण्याला भाकरी मालदांडीची. या मालदांडीतून निवडलेले प्रसिद्ध वाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळलाच सिद्ध झाले, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर आता भौगोलिक मानांकनही आहे. साडेसात कोटींच्या गाडीलाही बाजाराने शेवटी तोच न्याय लावावा, याची आम्हाला जरा मौज वाटली.

पण बाजार नेमके काय नाकारतो आणि काय राखतो? इथे आम्हाला जमाखर्चापेक्षा सोनाराची पेढी अधिक उपयोगी पडली. जुना दागिना मोडीत घालायला नेला की सोनार आधी घट धरतो, मग शुद्ध सोन्याचा भाव देतो, आणि घडणावळीचा एक पैसाही परत करत नाही. आईने जिच्यासाठी चार चकरा मारल्या होत्या ती वेलबुट्टी त्याच्या लेखी नसतेच. महागाडीच्या किमतीतही सोने किती आणि घडणावळ किती, हे मोडीच्या दिवशी कळते. आपल्याकडे त्यात आयात शुल्काची भर. पूर्ण बांधून आलेल्या उंची गाडीवर ते वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांच्या घरात राहिले. म्हणजे किमतीचा मोठा भाग सरकारची घडणावळ.

या शुल्कावरून मराठी घराघरात एकदा वाद पेटला होता. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरचे सुमारे १ कोटी १३ लाखांचे शुल्क माफ झाल्यावर इतका गहजब झाला की अखेर ते गाडी देणाऱ्या कंपनीने भरले. २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. गाडी निखळ पेट्रोलची, नऊ वर्षे जुनी. पण घेणाऱ्याने केवळ इंजिन घेतले नसावे. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाची सही निघाली की रद्दीवाल्याचा सूर बदलतो, तसेच हे. साहित्याच्या मंडळींना याचे आश्चर्य वाटू नये. संहितेपेक्षा प्रतीला मोल येते, हे आपण हस्तलिखितांच्या बाबतीत रोज पाहतो. आमच्या स्वतःच्या प्रबंधाची टंकलिखित प्रत मात्र मागच्या दिवाळीत घरच्यांनी चुकून रद्दीत दिली आणि ती सहीसकट किलोवर गेली. त्यातली 'संरचना' आणि 'चिन्हव्यवस्था' लिहिताना पूर्ण भारलेली होती. कपाटात पडल्या पडल्या तिचे काय झाले ते आम्ही उघडून पाहिले नव्हते. तेही एक प्रकारे बॅटरीवरच चालणारे होते.

मुद्दा असा की हायब्रिड महागाडीच्या मोडीत बाजार सोने म्हणून धरतो ते इंजिन, आणि घडणावळ म्हणून सोडून देतो ती वीज. बारा सिलिंडरांचा आवाज, हाताने जुळवलेले यंत्र, त्याला पन्नास वर्षांनीही कोणी दुरुस्त करू शकेल हा भरवसा. क्रोएशियाचे माते रिमात्स, ज्यांनी विजेवरच्या महागाड्या बनवूनच नाव मिळवले, त्यांनी २०२४ मध्ये उघडपणे सांगितले की या थरातल्या गिऱ्हाइकांना निव्वळ विजेची गाडी नको आहे. त्याच वर्षी त्यांच्याच नेतृत्वाखालच्या बुगाटीने टुर्बियाँ ही गाडी दाखवली: हायब्रिड, पण पोटात सोळा सिलिंडरांचे, ८.३ लिटरचे भलेमोठे इंजिन. गाड्या फक्त २५०.

हे ऐकल्यावर आमच्या मनात आले ते आम्ही बोलून दाखवले. अरे, म्हणजे तुझी बाजू जिंकली की. जगातला सर्वांत श्रीमंत गिऱ्हाईक तू घासतोस त्या दांड्याला सोने समजतो आहे.

त्याने बोटांवर हिशेब केला. "एका बाजूला दोन धरले तर गाडीला चार कॅमशाफ्ट. अडीचशे गाड्यांना हजार." मग कप खाली ठेवून म्हणाला, "आमच्या पाळीलाबी पुरायचे नाहीत सर."

आम्ही गप्प झालो, कारण हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. सोलापूरकराला तर ठाऊक असायलाच हवे. हातमागावरच्या लुगड्याला घरोघर गिऱ्हाईक होते तेव्हा विणकराला चार पैसे कमी मिळत, पण माग खडखडत होता. यंत्रमाग आले, गल्ल्या शांत झाल्या, विणकरांची मुले दुसरीकडे लागली. आणि मग हातमागाचे वस्त्र काचेच्या कपाटात, चांगल्या उजेडात, चांगल्या किमतीला दिसू लागले. ज्या वर्षांत वस्तूचा भाव चढला त्याच वर्षांत ती विणणारा हात उठून गेला होता. संग्राहकाला जे सोने वाटते ते बहुधा कोणाच्या तरी रोजच्या भाकरीतून उणे होऊन आलेले असते. कॅमशाफ्ट दुर्मिळ होऊन मौल्यवान ठरणे यात चिंचोळीचे कल्याण नाही. तिचे कल्याण तो स्वस्त, सामान्य, लाखांनी लागणारा राहण्यात आहे. आणि ते ठरणार आहे विटारा आणि इनोव्हा घेणाऱ्यांच्या हिशेबाने. लाल गाडी विकणाऱ्याच्या हाती त्यातले काही नाही. तो बिचारा आपल्याच विवंचनेत.

तेव्हा कुठे त्याने पिशवीतून कागद काढला, आणि इतका वेळ तो जाहिराती का दाखवत होता हे आम्हाला कळले. मुलगा दहावी सुटला होता. आयटीआयचा अर्ज भरायचा होता, आणि ट्रेडचा पसंतीक्रम द्यायचा होता. एका रकान्यात त्याने पेन्सिलीने 'मशिनिस्ट ग्राइंडर' लिहिले होते, दुसऱ्यात 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल'. क्रमांक दोन्हीपुढे नव्हता. "मला येतंय ते त्याला देता येतंय," तो म्हणाला. "दगड कधी ड्रेस करायचा, आवाजावरनं कळतं. ते पुस्तकात नाही. पण ते घेऊन त्यानं जायचं कुठं?" थोड्या वेळाने, दुसरीकडे पाहत: "तुम्ही सांगा सर. तुम्ही म्हणाल तसं."

आता हा माणूस आम्हाला विचारत होता, ज्याला आम्ही एकदा आत्मविश्वासाने सांगितले होते की एम. ए. करून टाक, जागा निघतील. जागा निघाल्या नाहीत. त्या सल्ल्याचे मोल काय झाले हे आम्ही कधी तोंडाने काढले नाही, त्यानेही नाही. पण त्या कागदावर हात ठेवताना आमचे बोट थोडे हलले असावे. ग्राइंडरचे कसब काही कॅमशाफ्टशी लग्न लावून आलेले नाही. गिअरला, बेअरिंगला, विजेच्या मोटरीच्या दंडालाही घासावेच लागते. हे खरे आहे आणि आम्ही ते सांगितले. विजेच्या गाड्यांची दुरुस्ती करणारी माणसे लागतील, हेही खरे, तेही सांगितले. तीर्थरूप कच्चा तक्ता मांडत तशी दोन्ही बाजूंची बेरीज आम्ही करून दाखवली, आणि ती जुळत नाही हे त्याच्याही लक्षात आले. पोराला काय वाटते, असे आम्ही शेवटी विचारले. हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

"त्याला विचारलंच नाही की," तो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर जरा चपापला.

दुसऱ्या पाळीची माणसे आत गेली होती. टपरीवाल्याने भांडी विसळायला घेतली. परतताना रस्त्याकडेच्या एका भंगारवाल्यापाशी त्याने गाडी थांबवायला लावली. बिडाच्या ढिगात एक जुना कॅमशाफ्ट होता, कुठल्याशा मोडलेल्या इंजिनातला. उंचवट्यांच्या कडा गंजल्या होत्या, पण टोके अजून चकचकीत. त्याने अंगठा फिरवून पाहिला आणि 'चांगला चिल झालाय' असे म्हणाला, एखाद्याच्या अक्षराला चांगले म्हणावे तसे. आम्ही तो विकत घेतला. अडीच किलो भरला, नव्वद रुपये. सध्या तो आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर असतो, पंख्याच्या वाऱ्याने त्या उडू नयेत म्हणून.

आठवड्याने त्याचा फोन आला. मुलाने दोन्ही रकाने खोडून पहिला क्रम इलेक्ट्रिशियनला दिला होता, दुसरा ग्राइंडरला. कारण विचारले तर म्हणाला, वायर सगळीकडेच असते. बापाने कागद तसाच भरला. आम्ही बरे झाले म्हणालो. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "सर, ती लाल गाडी अजून हाय. आता तिच्यावर किंमत लिहिलीय."

किती, ते त्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.